लिंबाजीकाकांचं तेरावं

जिंतूर तालुक्यातल्या चंद्रभानांना पुढारी व्हायचं होतं, आणि यात त्यांचा काही दोष नव्हता. कापूस पिकवून कंटाळलेल्या माणसाने दुसरं करावं तरी काय? अडचण एवढीच की निजाम सरकारच्या राज्यात चार माणसांपुढे बोलायचं तर तहसिलीची इजाजत लागे, आणि इजाजतीसाठी आपण काय काय बोलणार नाही ते आधी लिहून द्यावं लागे. चंद्रभानांची प्रत्येक दरख्वास्त मोठ्या अदबीने परत येई.

अशात त्यांची आत्या तानुबाई वारली. तेराव्याला पंचक्रोशी लोटली. आत्याविषयी दोन शब्द बोलायला चंद्रभान उभे राहिले आणि बोलता बोलता सरकारने सक्तीच्या लेव्हीत उचललेल्या ज्वारीवर आले. जेवायला बोलावलेले पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब पंगतीत बसून सगळं ऐकत होते. पण तेराव्याला इजाजत लागत नाही असा कायदा होता, आणि बुंदीही बरी झाली होती.

तेव्हापासून सेलूपर्यंत कुठेही कुणी गेलं की खांदा द्यायला चंद्रभान पुढे. लय मायाळू माणूस, असं लोक म्हणू लागले. पण पुढे जिल्ह्याची तब्येत अचानक सुधारली. लोक मरेनात. ऐन भरात आलेलं राजकारण लोकांच्या बेपर्वा जगण्यामुळे बसायची वेळ आली, तेव्हा चंद्रभानांची नजर सख्ख्या चुलत्यावर, लिंबाजीवर गेली.

"काका, तुमी जरा मरा," ते म्हणाले. "तेरावं झालं की या परत."

लिंबाजीने विचार केला. "बुंदीच हाय का?"

"लाडू करायलोत."

लिंबाजी चंद्रभानांच्या कापसाच्या कोठीत लपला आणि फटीतून स्वतःचं तेरावं पाहू लागला. ज्वारीचं पोतं सोडवताना काकांनी शिपायाची लाठी छातीवर कशी झेलली, ते चंद्रभानांनी सांगितलं. पाहुणे रडले. गावाला खरं ठाऊक होतं, तरी लाडू खाल्ल्यामुळे गावही रडलं. असा माणूस गेला म्हणून कोठीत लिंबाजीलाही हुंदका आवरेना.

पण गर्दी अशी जमली की वर्षश्राद्ध घालणं भाग पडलं. काकांना कोठीतच थांबायला सांगितलं. मग दरसालच्या पुण्यतिथ्या आल्या.

अखेर अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. चंद्रभान तालुक्याचे पुढारी झाले, लिंबाजी हुतात्मा झाला आणि त्याच्या नावाने गावाला विहीर मंजूर झाली. चौकात चौथरा उभारला, त्या दिवशी लिंबाजी कोठीतून बाहेर आला.

"चंद्रभाना, आता राज आपलं हाय. मला घरी जायचंय. गेलो तर सून भाकर वाढंना. म्हनती, मेलेल्याला कशी वाढू?"

चंद्रभान अवघडले. लोकशाही नुकतीच आलेली, म्हणून त्यांनी प्रश्न गावापुढे ठेवला. काका जिवंत निघाले तर विहीर परत जाईल, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. ते मेलेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. हात भराभर वर गेले. उरली लिंबाजीची बायको कडूबाई. तिचं कपाळ पांढरं होतं आणि डोक्यावर नदीवरून आणलेली घागर होती. तिने नवऱ्याकडे पोटभर पाहिलं. वाईट तिलाही वाटलं.

"विहीर आपल्या घरामागंच पाडायलेत," ती म्हणाली. घागर खाली ठेवून तिनेही हात वर केला.

कडूबाईला नावं ठेवायची घाई करू नका. परवा त्या चौथऱ्याला हार घालायला तुम्हीही आला होता. पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने प्यायला पाणी मागितलं, तेव्हा "बाजूला सरक बाबा, हुतात्म्याचं दर्शन घेऊ दे," असं कोण म्हणालं?