बारावीला निरोप

तेजल कणसेच्या फोनमधल्या सॉफ्टवेअरची बारावी आवृत्ती बुधवारी सकाळी बॅग भरून दाराशी येऊन उभी राहिली, पण तिला "जा" म्हणायला घरात कोणी तयार होईना.

जुनी आवृत्ती बाहेर पडल्याशिवाय नवीला आत घेता येत नाही. नवी, म्हणजे तेरावी, बाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून वाट बघत होती. तेजलच्याच वयाची, केस घट्ट मागे बांधलेले, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. तिला घेऊन फोनच्या सेवा केंद्रातले निकम आले होते. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या, पाणी प्यायले आणि नियम सांगितला. फोन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी जुनीला उंबऱ्याशी स्पष्ट शब्दांत जायला सांगायचं. खुणेने चालत नाही, आणि मनातल्या मनात म्हटलेलं तर मुळीच नाही.

फोन बापूकाकांच्या नावावर होता. ते तेजलच्या वडिलांचे थोरले भाऊ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. वडील गेल्यापासून कराडच्या त्या घरात गॅसच्या टाकीपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं काकांच्याच नावावर असे. तेजलने पदवी घेतली तेव्हा गल्लीत पेढेसुद्धा त्यांच्या नावाने वाटले गेले होते.

काकांनी बारावीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "बरं, ये मग."

बारावीने मान लववून निरोप घेतला, चार पायऱ्या उतरली आणि परत येऊन सोफ्यावर बसली. निरोपात "ये" आला की ते आमंत्रण धरलं जातं, असा निकमांनी खुलासा केला. ते आमंत्रण का आहे हे त्यांना विचारू नये, त्यांचं काम फक्त ऐकायचं.

तेजलला धक्का बसला. त्याहून मोठा धक्का याचा बसला की बाकी कोणालाच काही वाटलं नव्हतं. आईने बारावीला हळदीकुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि तीन वर्षं पोरीसारखी घरात होती असं म्हणून डोळे पुसले. काका बाल्कनीत जाऊन तुळशीला पाणी घालून आले. तीन वाजता तेजलची पुण्याच्या कंपनीत नोकरीसाठी मुलाखत होती. ती फोनवर व्हायची होती आणि बारावीवर ती उघडतच नव्हती. हे तिचं सगळ्यांना निरनिराळ्या आवाजांत सांगून झालं होतं.

दुपारी जेवण झाल्यावर काकांना एक तोडगा सुचला. ते स्वतःवर खूष होऊन उंबऱ्याशी आले आणि बारावीला म्हणाले, "येत जा."

यावर निकमांना वरिष्ठांना फोन लावावा लागला. शब्दात "जा" होता, पण त्याआधी "येत" होता. वरिष्ठांनी बराच विचार करून निरोप अंशतः मान्य केला. तेव्हापासून बारावी बॅग घेऊन जिना उतरू लागली आणि चढू लागली. प्रत्येक फेरीला तेरावी कठड्याला चिकटून तिला वाट देई.

"काका, एक अक्षर आहे," तेजल म्हणाली. "ज-च्या बाराखडीतलं दुसरं. पहिलीतलं पोर म्हणतं."

"या घरात कोणाला जा म्हटलेलं नाही," काका म्हणाले. "चोराला नाही म्हटलं."

ते खरं होतं. गच्चीवर सापडलेल्या चोराला पोलीस घेऊन निघाले तेव्हा काकांनी त्याला "या" म्हटलं होतं. तो नंतर दोनदा येऊन गेला.

तेजलचा तोल सुटला. तुम्हाला नवं काही घरात येऊच द्यायचं नाही, जुन्याला सोफ्यावर बसवता आणि नव्याला जिन्यात उभं करता, असं ती म्हणाली, आणि आणखीही बरंच काही म्हणाली. आईने मध्येच तिचं नाव घेतलं, पण त्याचा उपयोग झाला नाही.

काका शांतपणे म्हणाले, "नोकरी पुण्याची हवी, फोन नवा हवा, आणि वाईटपणा मात्र म्हाताऱ्याने घ्यायचा. छान आहे."

बारावी तेवढ्यात वर येत होती. तेजलने उंबरा ओलांडून तिचा हात धरला, तिची बॅग आपल्या खांद्याला अडकवली आणि काकांकडे तोंड करून तिच्या शेजारी उभी राहिली.

"म्हणा आता. आम्ही उभ्या आहोत."

काकांनी आधी बारावीकडे पाहिलं. मग तेजलकडे पाहिलं, बराच वेळ.

"जा," ते म्हणाले.

निकमांनी मान डोलावली. निरोप पोहोचला होता. तेजलने सुस्कारा टाकला, बॅग बारावीकडे दिली आणि आत जायला पाऊल उचललं. निकमांनी दारात हात आडवा धरला.

"ताई, तुम्हाला नाही येता यायचं."

"म्हणजे?"

"'जा' एकवचनीही असतं आणि अनेकवचनीही. समोर दोघी होतात. आम्ही उभ्या आहोत, हे तुम्हीच म्हणालात."

तेजलला वाटलं हा माणूस थट्टा करतोय. तिने त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. तिथे ते नव्हतं.

"काका, ये म्हणा मला," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला होता. "लवकर म्हणा."

काका उंबऱ्यापर्यंत आले.

"ये गं, बाळा," ते म्हणाले.

"आले, काका," तेरावी म्हणाली आणि कठड्यापासून सुटून आत गेली.

"ये" मात्र नेहमी एकवचनीच असतं, असं निकमांनी हळू आवाजात सांगितलं आणि चपला घातल्या. आईने तेरावीला चहा घेणार का म्हणून विचारलं. ती मुलाखतीनंतर घेईन म्हणाली, काकांच्या पाया पडली आणि तेजलच्या खोलीत जाऊन टेबलाशी बसली. काकांनी दारातून एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा खोलीकडे पाहिलं. मग ते नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसले. दार वाऱ्याने लागलं.

आत तीन वाजले. मुलाखत उघडली.

"नमस्कार, मी तेजल कणसे," असं दारातून स्पष्ट ऐकू आलं. स्वतःबद्दल काही सांगा म्हटल्यावर ती म्हणाली की घरातल्या मोठ्यांशी तिचं पहिल्यापासून छान जमतं.

तेजलने या प्रश्नाचं वेगळं उत्तर पाठ केलं होतं. तिने ते जिन्यात उभं राहून बारावीला पूर्ण म्हणून दाखवलं. बारावीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग दोघींनी बॅगेचा एकेक बंद धरला आणि त्या जिना उतरू लागल्या.