डिस्क कोरी करण्याआधी

डिस्क कोरी करायची असली की गर्जे आण्णा आपल्या डब्याचे झाकण चमच्याने वाजवत कारखानाभर फिरत. "ज्याचं काय आत आसंल त्यानं काढून घ्या. बाजार उठल्यावर मेथीची जुडी मागू नका."

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. नगरजवळच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आहे, हे बाहेर सांगितले तर लोकांना थाप वाटे. तिसगावचे आण्णा त्याचे ऑपरेटर आणि मी त्यांच्या हाताखाली. डिस्क म्हणजे ताटाएवढ्या तबकड्यांची चळत. जुने पुसून ती नव्याने आखून घ्यावी लागे आणि पुसलेले परत मिळत नसे.

आण्णांची दवंडी सर्वांना कळेच असे नाही. एकदा ती ऐकून कॅन्टीनवाला धावत आला आणि कॉम्प्युटरच्या खोलीत एअरकंडिशनरखाली लपवलेले दह्याचे गाडगे उचलून घेऊन गेला. हिशेबनीस देशपांडे मात्र हटकून उशिरा येत.

"आण्णा, माझी पगारपत्रकं होती हो त्यात."

"सायेब, झाकण फुटायची येळ आली वाजवून. तुमी कुठं हुता?"

"जेवत होतो."

"मंग बरं केलं," आण्णा म्हणत. जेवणाचे कारण त्यांना नेहमी पटे. पगारपत्रकांची दुसरी प्रत त्यांनी आधीच काढून ठेवलेली असे, पण ती ते संध्याकाळपर्यंत देत नसत.

पुढे मुंबईहून इंजिनिअर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन आला. कॉम्प्युटर चालवणारी जुनी सिस्टिम मुळापासून काढायची होती. आण्णांनी झाकण वाजवले, फेरी पुरी केली.

"तुमचं स्वतःचं काही आहे का आत?" इंजिनिअरने विचारले.

"आमचं काय आसनार."

दुपारी जेवणाच्या सुट्टीला जुनी सिस्टिम शेवटची थांबवली. रोजच्याप्रमाणे कॉम्प्युटरला जोडलेला टाइपरायटर खडखडला आणि कागदावर इंग्रजी लिपीत एक ओळ उमटली: जेवून घ्या आता, गार हुईल.

आम्हाला आणि पगारपत्रकांसाठी येणाऱ्या देशपांड्यांनाही ती ओळ सवयीची होती. कॉम्प्युटर असेच बोलतात, असा माझा समज होता. इंजिनिअर हसला. "कंपनीनं हे दिलेलं नाही. कोणी घातलं?"

"मीच घालून घेतलं. मागच्या प्रोग्रामरसायबाकडनं."

"वाक्य कोणाचं?"

"घरचं."

आण्णांची पत्नी कॉम्प्युटर येण्याच्या आदल्या वर्षी वारली होती, हे आम्हाला त्या दुपारी कळले.

इंजिनिअरचे हसू ओसरले. "नव्यात बसवू का? फार काम नाही."

आण्णांनी कागद फाडून रोजच्या कागदांत ठेवला. "ऱ्हाऊ द्या. आता बाजार उठला." आणि डिस्क त्यांनी स्वतःच्या हाताने कोरी केली.

दुसऱ्या दिवशी नवी सिस्टिम दुपारी थांबली. टाइपरायटरने काम संपल्याची कोरडी इंग्रजी ओळ छापली. आण्णा कागदाकडे बघत बसून राहिले. खानावळीतून आलेला डबा तसाच होता.

तेवढ्यात दारात झाकण वाजले. देशपांडे आपला डबा घेऊन उभे होते. वेळेवर आलेले मी त्यांना प्रथमच पाहत होतो.

"आण्णा, जेवून घ्या आता. गार होईल."

"खानावळीचं हाय, सायेब. येतानाच गार आसतं," आण्णा म्हणाले आणि बाकावर सरकून त्यांनी जागा केली.