गाणं घरी पोचवणारा चन्नप्पाअण्णा

आमच्या हळ्ळीखेडात डोकं दुखलं तर लोक वैद्याकडे जायचे आणि डोक्यात गाणं अडकलं तर चन्नप्पाअण्णाकडे. हसू नका. एकच ओळ सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तुमच्या डोक्यात कधी गरगरली नसेल, तर तुम्ही नशीबवान. माझ्या गरगरली आहे. त्यापायी मी आमटीत दोनदा मीठ घातलंय आणि सासूची बोलणी खाल्लीयत.

अण्णा आमचा शेजारी, धंदा बांगड्या भरण्याचा. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकायच्या आणि रोज दोन-चार गावं करायची. बांगडी चढायला हात सैल लागतो, आणि बायका तर बांगडी पुढे आली की हात आवळून धरतात. त्यावर अण्णाची एकच युक्ती. "अक्का, गाणं म्हणा." बाई गायला लागली की हात आपोआप ढिला पडतो आणि बांगडी सर्रकन मनगटात. पण या गावात मराठी ओवी, त्या गावात कानडी पद, असं दिवसभर ऐकून संध्याकाळी बिचाऱ्याच्या डोक्याचा बाजार व्हायचा. स्वतःवर उपाय शोधता शोधता तो गावाचा डॉक्टर झाला.

"अर्धं सोडलं म्हणून ते फिरायलंय," तो सांगायचा. "गाण्याला त्याच्या घरी पोचवा. मग ते तुमच्या घरी कामून ऱ्हाईल?"

म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यांदा म्हणायचं, आणि लगेच मूठभर फुटाणे चावायचे. तोंड चालू असलं की गाणं परत शिरत नाही म्हणे. गुण यायचा, हे मात्र खरं.

पोलीस ॲक्शननं निजाम गेला आणि शाळेत उर्दू जाऊन मराठी आली, तेव्हा लातूरकडचे एक मास्तर आले होते. हुमनाबादच्या मोटारस्टँडवर हॉटेलातल्या फोनोवर टॉकीजचं गाणं लागलं आणि ऐन मध्यावर त्यांची मोटार सुटली. झालं! अर्धं गाणं घेऊन मास्तर गावात आले. आठ दिवसांत सगळी शाळा सातचा पाढा त्या चालीवर म्हणायला लागली. शाळा तपासायला इन्स्पेक्टर यायचे होते, मास्तर रडकुंडीला आले. अण्णानं काय करावं? चालत हुमनाबाद गाठलं, त्या हॉटेलात चहावर चहा ढोसत ती रेकॉर्ड लागेपर्यंत बसला, शेवट पाठ केला आणि परत येऊन भर वर्गात मास्तरांकडून अख्खं गाणं म्हणवून घेतलं. फुटाणे सगळ्या पोरांना वाटले. दुसऱ्या दिवशी पाढा सरळ! अण्णा छाती काढून पेठेतून दोन चकरा मारून आला.

आता एवढा मोठा डॉक्टर, पण स्वतः कायम दोनच ओळी गुणगुणायचा.

जुंधळा आला हुरड्याला, पाखरं आली रानी,
भावाची वाट बघता डोळ्याला आलं पानी.

तिथंच थांबायचा आणि परत पहिल्यापासून. माझा स्वभाव फटकळ. एकदा विचारलंच, "अण्णा, गावाची गाणी पोचवता, हे तुमचं कामून वाटंतच थांबलंय?"

"ह्याचं पुढचं मला ठाऊक न्हाई, अक्का." त्यानं माळा खाली ठेवल्या. "आमच्या गौराचं गाणं हाय. पहाटं जात्यावर म्हणायची. दुसरी ओळ झाली की मी माळा उचलून भाईर. रोजचंच. पुढचं कदी ऐकलंच न्हाई. मग ती तापानं गेली."

"मग करजगीला जाऊन विचारा की! वैनीचं माहेर हाय न्हवं?"

"आन् पुरं झाल्यावर गेलं तर?" तो म्हणाला. "तोंडावळा बी आता धड आठवंना मला. आवाज तेवढा ऱ्हायलाय, त्यो ह्या दोन ओळीत हाय."

आणि माळा खांद्यावर टाकून त्याच दोन ओळी गुणगुणत वाटेला लागला.

त्याच वर्षी आमच्याकडे नणंदेचं लग्न निघालं. चुडा भरायला अर्थातच अण्णा. पाहुण्यांत करजगीची एक म्हातारी होती, हात लाकडासारखा कडक. अण्णानं सवयीनं म्हटलं, "गाणं म्हणा, मावशी." आणि म्हातारीनं तेच गाणं उचललं!

बांगडी नेमकी अंगठ्याच्या हाडावर अडकलेली. आता हात सोडला तर बांगडी पिचणार, आणि लग्नघरात बांगडी वाढवणं म्हणजे केवढा अपशकुन. अण्णाला उठता येईना, कान झाकता येईनात. दोन ओळी झाल्या. तिसरी आली, चौथी आली. भाऊ दारात आला, बहिणीनं त्याला भाकरी वाढली, गाणं संपलं. अण्णानं बांगडी अलगद मनगटात उतरवली, माळा उचलल्या आणि कुणाकडे न बघता निघून गेला. जाता जाता मी फुटाणे पुढे केले, तेही घेतले नाहीत.

मला रात्रभर चैन पडलं नाही. त्याच्याजवळ होतं ते एवढंच, आणि ते आमच्या ओसरीवर संपलं, असं वाटत राहिलं.

सकाळी अंगणात सडा घालत होते, तर हा रस्त्यानं धावत येतोय! पटका सुटलेला, पायात वहाणा नाहीत.

"न्हाई गेलं, अक्का! जाईना!" तो ओरडला. गल्लीतली दारं उघडली. "पुरं म्हटलं, धा डाव म्हटलं, फुटाणं बी खाल्लं. जायाचं नावच न्हाई!"

"अहो, म्हणजे तुमचा उपाय फसला की!"

"फसला! साफ फसला!" अशा आनंदानं हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. "आन् म्हातारीचा आवाज न्हाई त्यो. पुढचं बी समदं गौराच म्हणायली. मी माळा उचलीना, आन् ती थांबंना!"

मग तो आमच्या पायरीवर बसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

"इतकी वर्षं म्या तिला अर्धीच ऐकली हो, अक्का."