टेपराव प्रोसेसर बदलतात

टेपरावांनी आयुष्यात एकही गोष्ट अंदाजपंचे केली नव्हती, आणि हे ते भेटेल त्याला ऐकवत. खुर्चीची गादी असो की घराचं दार, आधी टेप लागणार आणि मगच तोंड उघडणार. सोफे आणि गाद्या शिवण्यात हयात गेलेली, गळ्यात टेप कायमची. ती फक्त आंघोळीपुरती खुंटीवर जाई, म्हणून नाव पडलं टेपराव. तेव्हा कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायचा की नाही, हा प्रश्न आपण आठवड्याभरात निकालात काढू, असं त्यांनी बायकोला छाती पुढे काढून सांगितलं. त्याला आता अडीच महिने होत आले होते!

साठीच्या माणसाला गेम खेळायला प्रोसेसर कशाला लागतो, असं तुम्ही विचाराल. त्यांच्या बायकोनेही विचारलं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं: दादा.

दादा म्हणजे टेपरावांचा थोरला भाऊ. तीस वर्षं दोघं एकाच दुकानात, एकाच बाकावर बसून काम करत होते. दादा कापणार, टेपराव मापं घेऊन खडूच्या खुणा करणार. मग एका सभागृहाच्या तीनशे खुर्च्यांचं काम आलं. कापड मरून मखमल. आता मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला की मऊ लागते, उलट फिरवला की खरखरते, आणि रंगही वेगळाच दिसतो. खुर्च्या मांडून झाल्या, दिवे लागले, आणि मागच्या सगळ्या रांगा पुढच्यांपेक्षा फिक्या! निम्म्या कापडाची लव उलटी बसली होती. काम परत आलं, नाचक्की झाली. दादा म्हणाला, खडूचे बाणच उलटे काढले होते. टेपराव म्हणाले, बाण बरोबर होते, कापणाराचं लक्ष नव्हतं. शब्दाने शब्द वाढला आणि दुकानाचे दोन भाग झाले. वाया गेलेलं कापडही दोघांनी निम्मं निम्मं उचललं. त्यानंतर अकरा वर्षं बोलणं बंद.

दादा हल्ली कॉम्प्युटरवर ट्रकचा गेम खेळतो, ही बातमी वहिनींकडून टेपरावांच्या बायकोकडे आली. टेपरावांनी ती ऐकलीच नाही असं दाखवलं आणि पुढच्याच महिन्यात घरात एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. त्या गेममध्ये काही जिंकायचं नसतं. माल भरायचा, लांबच्या गावी पोचवायचा, आणि दोघांनी मिळून रस्त्याला लागायचं असेल तर कानाला हेडफोन लावून गप्पा मारत जायचं. एका रविवारी दुपारी टेपरावांचा निळा ट्रक दादाच्या पिवळ्या ट्रकमागे जाऊन लागला. दोन गावं मागे पडली. मग दादा म्हणाला, "लाइट लाव. बोगदा आलाय."

अकरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. टेपरावांनी लाइट लावले आणि चष्मा पुसला.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोन ट्रक रस्त्याला लागू लागले. दोघांना हे मानवलं, कारण दोघं जन्मात कधी समोरासमोर बसून बोलले नव्हते. बाकावर शेजारी बसायचं, नजर सुईवर ठेवायची आणि बोलायचं, हीच त्यांची रीत. इथे सुईच्या जागी रस्ता आला, एवढंच.

आणि मग तो रविवार आला. घाट चढताना दादा म्हणाला, "छोट्या, त्या मखमलीचं तुला एक सांगायचं होतं." टेपरावांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला. आणि त्याच क्षणी चित्र थिजलं, आवाज गेला, कॉम्प्युटर दगडासारखा गप्प! चार मिनिटांनी तो शुद्धीवर आला तेव्हा पिवळा ट्रक निघून गेलेला होता आणि खाली दादाने एक ओळ लिहून ठेवली होती: "ठीक आहे. समजलो."

काय समजला? टेपरावांना तर एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण दादाला वाटलं असणार की छोट्या मुद्दामच गप्प बसला. त्यानंतर दादा येई, पण बोले फक्त रस्त्याचं. डावीकडे वळ. डिझेल भर. टेपराव धीर करून विषयावर येऊ पाहत आणि नेमका कॉम्प्युटर थिजे.

"अहो, सरळ फोन करा ना," बायको म्हणाली.

"फोनवर बघायचं कुठे?" टेपरावांनी विचारलं. यावर बायकोने हात टेकले.

तर प्रश्न असा प्रोसेसरचा होता. टेपराव कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारीण तिशीची, हुशार, आणि तिच्या दुकानातल्या खुर्च्यांच्या गाद्या टेपरावांच्याच हातच्या. तिने नीट समजावलं. चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, ते ठीक आहे. पण रस्त्यावरच्या शंभर गाड्या, पाऊस, सिग्नल, हा सगळा हिशोब प्रोसेसर ठेवतो, आणि तुमचा जुना आहे. नवा घ्यायचा तर तो ज्यावर बसतो तो बोर्ड बदलावा लागेल, आणि बोर्ड बदलला की मेमरीही. टेपरावांना हे लगेच पटलं. सोफ्याचं नुसतं कापड बदलायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते स्वतः हेच सांगत आले होते: आत स्पंज बसलाय, स्पंज काढला तर स्प्रिंगा गेल्यात, आणि लाकडाचं तर विचारूच नका. फक्त ते ऐकून घेणं एवढं अवघड असतं, हे त्यांना आज कळलं.

"पण काका, आधी मशीन आणून दाखवा," ती म्हणाली. "बघितल्याशिवाय बदलू नका."

टेपरावांनी कॉम्प्युटर नेला. तिने त्यावर तोच गेम लावला आणि चांगला दोन तास चालवला. ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा चालला. एकदाही अडकला नाही.

"काका, याला काही झालेलं नाही."

टेपराव खुशीत घरी आले आणि रविवारी गेम लावला. विसाव्या मिनिटाला ट्रक थिजला. परत दुकानात, परत उत्तम. परत घरी, परत मेला! असं तीनदा झालं. घरातल्या घरात ज्याला ताप चढतो आणि डॉक्टरच्या दारात उतरतो, अशा पेशंटचं करायचं काय? दुकानदारीण चक्रावली. घरी वेगळं काय असतं ते सगळं लिहून आणा म्हणाली.

हे काम टेपरावांच्या आवडीचं. त्यांनी वही उघडली. खोली मापली. टेबलापासून खिडकी, खिडकीपासून पंखा, सगळी अंतरं इंचात मांडली. बायकोचा मिक्सर सुरू असताना थिजतो का, बंद असताना थिजतो का, हे बघायला रविवारभर स्वयंपाकघरात मिक्सरबंदी लागू केली. वायरी बदलल्या. टेबल भिंतीपासून हलवलं. खुर्चीसुद्धा बदलून पाहिली, कारण दुकानातली खुर्ची ठेंगणी होती. वहीची अकरा पानं भरली, तरी ट्रक विसाव्या मिनिटाला थिजायचा तो थिजायचाच.

आणि रात्रंदिवस डोक्यात एकच किडा: दादा काय बोलला असेल? कारण खरं सांगायचं तर, आणि हे टेपरावांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते बाण त्यांनीच उलटे काढले होते. भांडण झालं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात उरलेल्या कापडाच्या मागे त्यांना स्वतःच्या खडूच्या खुणा दिसल्या होत्या. तेव्हा जाऊन सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. आज नको, उद्या सांगू, असं करता करता अकरा वर्षं गेली. त्याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. न थिजणारा प्रोसेसर हवा होता तो यासाठी. वाक्य सुरू केलं तर ते पुरं व्हायला हवं.

शेवटी त्यांनी निर्णय घेतला. नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, नवी मेमरी! दुकानदारीण म्हणाली, रविवारी मीच घरी येते, एकदा तुमची जागा बघते आणि मगच बसवते.

रविवारी दुपारी ती पिशवी घेऊन आली. खोलीत चौफेर पाहिलं. टेबल होतं, पडदा होता, टेबलाखाली मरून मखमलीचं एक देखणं उंच स्टूल होतं, कडांना गोट, चारी कोपऱ्यांना बटणं.

"काका, हे स्टूल जरा बाजूला घेता का? कॉम्प्युटर कुठाय?"

"हाच की कॉम्प्युटर."

ती खाली वाकली. स्टुलाला मागे वायरींपुरती काजं होती आणि पुढे चालू करण्याच्या बटणापुरती एक खिडकी. बाकी सगळा कॉम्प्युटर अंगाबरोबर शिवलेल्या कव्हरात, आतून दीड इंच स्पंजचं अस्तर. कॉम्प्युटर चालूच होता. तिने मागच्या काजातून बोट आत घातलं आणि झटकन काढून घेतलं.

"हे नेहमी असतं यावर?"

"मग? तीन महिने झाले शिवून, तेव्हापासून. उघडा कसा ठेवणार?"

"माझ्या दुकानात आणताना कधी दिसलं नाही ते."

टेपराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, वस्तू बाहेर नेताना कव्हर काढायचं. मळतं ना. घरात आणली की परत घालायचं." ही त्यांच्या वडिलांची शिकवण. त्या घरात मिक्सरला कव्हर होतं, टेलिफोनला होतं, वजनकाट्याला होतं. वहीच्या अकरा पानांत ते आलं नव्हतं, कारण टेपरावांच्या लेखी कव्हर ही वेगळी वस्तूच नव्हती.

दुकानदारीण जमिनीवर बसली आणि आधी पोट धरून हसली. मग तिने सांगितलं की प्रोसेसर काम करताना तापतो, पंख्याने त्याला वारा लागतो, आणि वारा मिळाला नाही की बिचारा जीव वाचवायला काम थांबवतो. तुमचा प्रोसेसर ठणठणीत आहे. तुम्ही त्याला गादीत कोंडलाय.

कव्हर निघालं. सगळं नवं सामान पिशवीतच ठेवून ती चहा न घेता गेली. बायकोने आत जाऊन मुद्दाम मिक्सर सुरू केला.

टेपरावांनी गेम लावला. पिवळा ट्रक आला. दहा मिनिटं, वीस, पंचवीस. चित्र थिजलं नाही. घाट लागला. टेपरावांनी घसा साफ केला आणि रस्त्यावरून नजर न काढता सगळं सांगून टाकलं. मधे थांबले नाहीत. त्या दिवशी तू बोललास ते मला ऐकूच आलं नाही, दादा. आणि बाण मीच उलटे काढले होते. तुझी काही चूक नव्हती. मला अकरा वर्षं माहीत होतं.

पलीकडून काही नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. टेपरावांचे डोळे भरून आले. आपल्या गप्प बसण्याने दादाला काय वाटलं असेल ते त्यांना आता पुरतं कळलं. आणि मग त्यांचं लक्ष गेलं: पिवळा ट्रक घाटाच्या मधोमध, पुढची चाकं हवेत, जागच्या जागी थिजून उभा होता.

टेपरावांनी फोन उचलला. बघायचं कुठे, हा विचार मनात आलाच नाही.

"दादा, तुझ्या कॉम्प्युटरला कव्हर आहे का?"

"आहे की. का रे?"

"मखमलीचं?"

"त्याच कापडाचं. लव उलटीय, पण बसलंय छान."

"काढ ते. गरम होऊन थिजतो तो."

दादाने लांब श्वास सोडला. "अरे, थिजतो म्हणून तर मी गेल्याच महिन्यात नवा प्रोसेसर बसवला."

"मग?"

"त्याचा पंखा फार आवाज करायचा. म्हणून जुनं कव्हर काढून जरा जाड शिवलं."