हिमरूची पाठ

नईमभाईंच्या हिमरू शालीला मी कात्री लावली आणि आळ कसरीवर, कापड खाणाऱ्या किडीवर, ढकलला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्यावर थोडा हसणार आहे, आणि हसणारा माणूस कोण आहे ते वाचणाऱ्याला माहीत असावं.

नईमभाई कुठलंही कापड सरळ बघत नाहीत. आधी उलटतात. इथे आखातात, फाहाहीलमध्ये, ते आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. पहिल्यांदा आमच्याकडे आले ते चहाच्याही आधी सोफ्याचं कव्हर उलटून म्हणाले, "तोंड काय हो, कुणीही धुतं. पाठ दाखवा!" क्लिनिकमध्ये ते एक्स-रे काढतात, तिथेही दिवसभर माणसं पाठमोरीच उभी करतात. आमच्या गणपतीत आरती चालू असताना हे मखराच्या मागे. तिथून आवाज आला, "पॉलिएस्टर! देवाच्या मागे पॉलिएस्टर!" त्यांच्या बायकोने, शाहीनभाभींनी, त्यांना बाही धरून बाहेर ओढलं.

मुबारकियाच्या बाजारात एका इराणी दुकानदाराने फुलांचं कापड 'शाही' म्हणून पुढे टाकलं. भाईंनी उलटलं आणि ओरडले, "मशीन!" दुकानदाराने "यल्ला, यल्ला" करत आम्हाला हाकललं. मग घरी येईपर्यंत गाडीत वंशावळ. इराणच्या शहांच्या दरबारात रेशमावर फुलं विणणारे कारागीर दख्खनेत उतरले, औरंगाबादेत त्यांच्या हातून हिमरू झालं, आणि भाईंचे पणजोबा त्यांच्यातलेच.

"पुरावा काय?" मी विचारलं.

"पुरावा मागता? साहेब, माझं नाक बघा!"

भाभींचा खोकला हटेना, तेव्हा त्यांचा एक्स-रे भाईंनीच काढला. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन बसले आणि कशालाही हात न लावता उठून गेले.

भाभी गेल्या. त्यांना दफनासाठी घेऊन भाई औरंगाबादला निघाले, तेव्हा बंद घरात दमट होईल म्हणून भाभींची हिमरू शाल आमच्याकडे ठेवून गेले. निळ्या रेशमावर गुलाब. मी ती उलटून पाहिली, त्यांचीच सवय लागलेली. हिमरूच्या पाठीवर फुलाचं रेशीम एका फुलाकडून दुसऱ्याकडे सैल जातं, हे मला ठाऊक नव्हतं. मला दिसले लोंबणारे धागे. परत आल्यावर माणसाला वस्तू नीटनेटकी मिळावी, म्हणून मी बसून ते सगळे कापून टाकले. मनात समाधानही वाटलं.

भाईंनी येऊन घडी उलगडली आणि गुलाब सुटू लागले. त्यांच्या बोटांना रेशमाचे तुकडे चिकटले. पाठ बघायला त्यांनी ती उलटलीही नाही.

"कसर लागली असेल," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं, आणि मग परत घेता येईना.

त्यानंतर भाईंनी घरभर डांबराच्या गोळ्या पेरल्या. कपाटात, बुटांत, कुराण ठेवायच्या लाकडी रेहालीखाली. लिफ्टमध्ये वास येऊ लागला. आमच्या इमारतीचा इजिप्शियन हारिस, म्हणजे रखवालदार, नाक धरून म्हणे, "डॉक्टर नईम आले!" लोक हसायचे. मीही हसलो. भाई मात्र भेटेल त्याला सांगायचे, "जाताना मी उन्हात घातली नाही ना. तिची एक चीज सांभाळता आली नाही मला."

ते खंगत चालले होते. शेवटी मी म्हणालो, "भाई, औरंगाबादहून दुसरी विणून आणू."

"ती मीच विणली होती, साहेब. या नोकरीच्या आधी, अब्बांच्या मागावर. मी खाली विणायला, शाहीन मागाच्या वर. वर बसणाऱ्याने दोऱ्या ओढल्याशिवाय फूल उमटत नाही. मी चुकलो की वरून ओरडायची, 'नईम, सो गए क्या?'" ते हसले. मग म्हणाले, "माझे हात अजून चालतील. वर कोण बसेल?"

मी त्यांच्या समोर जमिनीवर बसलो.

"नईमभाई, कसर नव्हती. धागे मी कापले. तुम्ही तिची शाल नीटच सांभाळली होती, तुमच्या हातून काही चुकलं नाही. मला माफ करा."