निगेटिव्हकाकांचं राखीव रक्त

"आपलं रक्त म्हणजे बावनकशी सोनं!" निगेटिव्हकाका लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवायचे. ओ निगेटिव्ह! चालतं सगळ्यांना, पण मिळता मिळत नाही. सेक्रेटरीने तर गेटजवळची सावलीतली पार्किंगची जागा त्यांनाच देऊन टाकली होती. उद्या कुणावर वेळ आली तर काकांची गाडी झटकन निघायला नको? घरातही लग्नापासून काकांनी सुरीला हात लावला नव्हता. बोट कापलं तर केवढं नुकसान! भाजी काकूच चिरायच्या.

रक्त मात्र काकांनी आजवर कुणालाच दिलं नव्हतं. "ऐन वेळेसाठी राखून ठेवलंय," म्हणायचे. शेवटी इमारतीतच रक्तदान शिबिर भरलं, तेव्हा पळवाट उरली नाही. काका छाती पुढे काढून पहिल्या खाटेवर जाऊन पडले.

पुढच्याच आठवड्यात रक्तपेढीचा फोन आला. काका आंघोळीला गेले होते, म्हणून काकूंनी घेतला.

"त्यांना स्वतःला यायला सांगा. फोनवर काही सांगता येणार नाही."

काकूंनी फोन ठेवला आणि आधी देवापुढे दिवा लावला. दिलेलं रक्त कावीळ, एचआयव्ही अशा सगळ्यांसाठी तपासतात, हे त्यांनी शिबिरातच ऐकलं होतं. काका बाहेर येऊन बघतात तो त्यांचा कंगवा, दाढीचं सामान आणि पेला एका वेगळ्या बादलीत!

"हे काय?"

"अहो, मी तुम्हाला सोडून जाणार नाही," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "फक्त टॉवेल वेगळा ठेवा!"

काकूंनी हे फक्त शेजारणीला सांगितलं, तेही शपथ घालून. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सेक्रेटरी दारात हजर झाला. रोज सोफ्यावर फतकल मारून चहा मागणारा माणूस आज उंबऱ्याबाहेरूनच तब्येत विचारू लागला.

काकांचा पारा चढला. "माझ्या रक्तावर संशय? उद्या चला माझ्याबरोबर! सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!"

रक्तपेढीतल्या समुपदेशक बाईंनी तिघांकडे पाहिलं. "हे एकट्यालाच सांगायचं असतं."

"यांच्यासमोरच सांगा! अगदी मोठ्याने!"

"बरं. तपासण्या सगळ्या स्वच्छ आहेत. कसलाही संसर्ग नाही."

काकूंनी हात जोडले. सेक्रेटरीने खुर्ची काकांच्या जवळ ओढली. काकांनी विजयी मुद्रेने मिशीवरून हात फिरवला. "मग बोलावलंत कशाला?"

"तुम्ही गट ओ निगेटिव्ह सांगितलात. आमच्याकडे दुसराच येतोय. नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना, ते पाहायचंय."

"झालीच असणार! घ्या परत!"

बाईंनी त्यांच्यासमोरच बोटातून थेंब घेतले, तपासले आणि सांगितलं, "बी पॉझिटिव्ह. ओ निगेटिव्ह कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"लहानपणी... दादाने," काका पुटपुटले. "बाई, जरा नीट बघा ना. एखादी बारीकशी कावीळ तरी?"

"बी पॉझिटिव्ह तर माझंही आहे," सेक्रेटरी म्हणाला आणि त्याने तिथेच हात पुढे केला. "काका, गाडीची चावी द्या. तुमची गाडी मागे कचराकुंडीजवळ लावतो."

घरी येताच काकूंनी बादलीतला कंगवा परत आरशापुढे ठेवला, नवऱ्याकडे डोळे भरून पाहिलं आणि भोपळा, सुरी अन् पाट त्यांच्या पुढ्यात सरकवला. तिसऱ्याच फोडीला काका किंचाळले. "अगं, कापलं! रक्त! कापूस आण, कापूस!"

"वाहू दे थोडं," काकू आतून म्हणाल्या. "कुठेही मिळेल ते!"