आबांचं बियाणं तिसऱ्या मजल्यावर

उंदरांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! जन्म माझा माणदेशातला. तिकडे तीन वर्षं पाऊस नाही, की उंदीर औषधालाही सापडत नाही. चौथ्या वर्षी बरसला, की गवत माजतं, दाणा पिकतो आणि एकेक उंदरीण महिन्यागणिक बाळंत होते. एका साली तर आमच्या गावची मांजरं भिऊन झाडावर राहायला गेली होती!

गेल्या साली तसाच पाऊस झाला. शाळूची ज्वारी निघाल्याबरोबर मी बदलापुराहून धाकट्या भावाला फोन लावला. "सदू, आबांच्या वेळचं बी आहे. दुष्काळात मूठभर उरलेलं, आता कुठे दोन पोती झालंय. उंदीर फस्त करतील. माझ्याकडे पाठव."

"आन् तुमच्या बदलापूरच्या बेलवलीत उंदरं न्हाईत व्हय, दादा?"

"आहेत. पण इथं पाऊस दरवर्षीचा. इथले उंदीर सरकारी नोकरांसारखे, ना भरती ना कपात!"

सदूने गावच्या रीतीनं कणसं कडब्यात गुंडाळून, पोत्यात भरून टेंपोनं धाडली.

"अहो, हे पोतं श्वास घेतंय!" आमची गोदू किंचाळली.

"प्रवासाचे हादरे आहेत ते," म्हणत मी पोती पलंगाखाली सरकवली.

दोन महिन्यांत सोसायटीचे सेक्रेटरी शशिकांत कुरतडलेला अर्धा पायजमा घेऊन दारात उभे! "काका, उरलेला अर्धा तुमच्या पाहुण्यांनी नेलाय."

कॅम्प दोनच्या बाजारातून उंदरांचे पिंजरे आणले. दुकानदार कमलेश आधीच म्हणाला होता, "काका, गॅरंटी पिंजरे की है, चूहे की नहीं!" पिंजऱ्यात लावलेल्या भज्याकडे एकानंही ढुंकून पाहिलं नाही. माणदेशी पोटं ती, शाळूशिवाय भरतात होय?

शेवटी पोती उघडली. आत नुसता भुसा. गोदूनं मूठभर भुसा उचलून पाहिला. "भाऊजी आता काय पेरणार हो?"

काल सदूचा फोन आला. "दादा, तुमचं गणित चुकलं. उन्हाळा असा तापला, की दाण्यापाण्यावाचून समदी उंदरं मेली. शेजारच्या धर्मराजचं बी कणगीत जसंच्या तसं हाय. आठ दिसांवर पेरणी आली. आबांचं बी सुखरूप हाय न्हवं?"

फ्रिजमागे काहीतरी कुरतडल्याचा आवाज झाला. गोदूनं तोंडाला पदर लावला.

"सुखरूप?" मी म्हणालो. "अरे, चौपट झालंय!"

त्याला शेपट्या फुटल्यात, एवढंच सांगायला जीभ रेटली नाही.